गळणारा व्हॉल्व्ह बंद करू नका

बॉयलर अग्निप्रदीपनाच्या दिवशी पुष्कळ सभासद बंधू-भगिनी कारखान्यावर येतात. पूजा होते, नारळ फुटतो, भाषणे होतात, चहापान होते आणि मंडळी आपापल्या गावी परततात. या समारंभाच्या आगेमागे बॉयलरवर आणखी एक काम होत असते. त्याला हार नाही, तुरा नाही आणि ते पाहण्यासाठी कोणी थांबतही नाही. वाफेचा दाब हळूहळू चढवीत नेतात आणि ठरलेल्या आकड्याला सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उडतो की नाही, हे निरीक्षकासमोर तपासतात. उडाला म्हणजे असा आवाज होतो की कोसभर लांबच्या वस्तीवर निजलेले पोर दचकून उठते. जुनी माणसे म्हणतात, "कारखान्यानं दम सोडला." हा दम वेळेवर सुटला नाही तर काय होईल, हे बॉयलर अटेंडंटला पक्के ठाऊक असते. म्हणून बाकी कशाकडे दुर्लक्ष झाले तरी त्या व्हॉल्व्हकडे तो करीत नाही.

ऊसविकास खात्याच्या माणसाने बॉयलरवर लिहिण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आमचे काम बेणे, लागण, खोडवा, खतांचे हप्ते आणि हुमणी यांचे. परंतु ऊसनोंदीच्या निमित्ताने आम्ही सभासदांच्या वस्तीवर जातो, फडातून हिंडून आल्यावर हातपाय धुवावयास न्हाणीघरात जातो, आणि तेथे भिंतीवर जे टांगलेले दिसते त्याने अलीकडे आमची झोप उडाली आहे. तेवढ्याकरिता हा लेखनप्रपंच.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या भागात घरोघरी तांब्याचा बंब होता. आता वस्तीवरच्या बंगल्यातसुद्धा विजेचा गिझर आला आणि माडीवर सोलर आला. त्याबद्दल आमची तक्रार नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, अशा वेळी सासू-सुनांनी धुराने डोळे चोळीत पाणी तापवावे असे कोणीही म्हणणार नाही. तक्रार आहे ती एवढीच की बंब गेला तशी बंबाची एक चांगली गोष्टही गेली, आणि ती गेल्याचे कोणाच्या ध्यानी आले नाही.

बंबाचे तोंड उघडे असे. वरून गार पाणी ओतावे, खालून कढत घ्यावे. पाणी जास्त उकळले तर वाफ वरच्या वर निघून जाई. गुऱ्हाळाच्या काहिलीचेही तेच. चुलवणाला जाळ कितीही घाला, काहील उघडी असल्याने रस उतू जाईल, पण काहील फुटणार नाही. गिझर म्हणजे तोंड बांधलेला बंब होय. वरच्या टाकीतून पाणी येते, आत कोंडले जाते, तेथेच तापते. आता शाळेत शिकलेली एक गोष्ट आठवा. पाणी तापले म्हणजे फुगते. 25 लिटरच्या गिझरमधले पाणी 20 अंशांवरून 65 अंशांपर्यंत तापविले तर ते जवळजवळ अर्धा लिटर वाढते. पाणी काही कापसासारखे दाबून बसविता येत नाही. हे वाढलेले अर्धा लिटर पाणी जाणार कोठे?

वाट मोकळी असेल तर ते आल्या वाटेने वरच्या टाकीकडे परत सरकते. परंतु गरम पाणी गारात मिसळू नये म्हणून आजकाल गिझरच्या तोंडाशी एकेरी वाटेचा व्हॉल्व्ह बसवितात. आपल्या पाइपलाइनवरचा एनआरव्ही असतो तसलाच हा धाकटा भाऊ. परतीची वाट मग बंद होते आणि आतला दाब चढू लागतो. त्यासाठी त्याच पितळी तुकड्यात स्प्रिंगचा सेफ्टी व्हॉल्व्ह दिलेला असतो. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की स्प्रिंग दबते, चार थेंब बाहेर पडतात, दाब उतरतो, व्हॉल्व्ह पुन्हा मिटतो. घरगुती गिझरच्या पाटीवर बहुधा 8 बार असा दाब लिहिलेला असतो. तो म्हणजे ढोबळमानाने चौरस सेंटिमीटरला आठ किलो झाला.

थोडक्यात, गिझर तापताना थेंब-थेंब पाणी येत असेल तर व्हॉल्व्ह आपली नोकरी करीत आहे. आणि नेमके हेच आपणांस खपत नाही.

मागील हंगामात शिर्डीजवळच्या एका वस्तीवर आम्ही गेलो होतो. घर नवीन, फरशी चकचकीत. सभासद सांगू लागले, सुनेला शॉवरला जोर पाहिजे म्हणून टाकीखाली प्रेशर पंप बसविला, तेव्हापासून गिझरचा वॉल गळू लागला, फरशी सारखी ओली राहू लागली. प्लंबरला बोलाविले. "मग साहेब, त्यानं डमी मारला. आता टिपूस नाही," असे त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितले. आम्ही वर पाहिले. दाब सुटण्याच्या तोंडाला आटे पाडून लोखंडी डमी घट्ट आवळलेला होता. प्रेशर पंपामुळे दाब पूर्वीपेक्षा कितीतरी वाढला, म्हणजे ज्या दिवशी त्या व्हॉल्व्हची खरी गरज उत्पन्न झाली त्याच दिवशी त्याचे तोंड बांधले गेले! टाकी गिझरच्या वर तीन मीटर असेल तर पाण्याचा दाब जेमतेम तीनदशांश किलो पडतो. पंप लावला म्हणजे तो दोन-तीन किलोंवर जातो, आणि त्यावर तापण्याचा दाब चढतो तो वेगळाच. आम्ही हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आमचा गिझर आयएसआय आहे हो." आयएसआय खूण कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गिझरवर असते. बसविताना प्लंबरने काय केले, यावर ती खूण नसते.

दुसऱ्याचे दाखले तरी कशाला द्यावेत? आमच्याच घरी काय घडले ते सांगतो. आमच्या गिझरला डमी नव्हता. व्हॉल्व्ह जागेवर होता, थेंबही गळत नव्हता, आणि थेंब गळत नाही म्हणजे सर्व ठीक आहे अशा भ्रमात आम्हीही होतो. एके दिवशी सकाळी गरम पाण्याचा नळ सोडला तर पाण्याऐवजी फुत्कार टाकीत वाफ येऊ लागली आणि वर भांडे कुरकुरू लागले. घरातील मंडळींना बाहेर काढले, पाटीवरून वीज बंद केली आणि दुपारपर्यंत कोणी न्हाणीघरात पाऊल टाकले नाही. मागाहून उघडून पाहता कळले की थर्मोस्टॅट चिकटला होता. त्याच्या पाठीमागे राखीव म्हणून असलेला कट-आउट 'सारखा पडतो' या कारणास्तव कोणी तरी पूर्वीच सरळ जोडून टाकला होता. राहिला तो सेफ्टी व्हॉल्व्ह. तो पांढऱ्या क्षाराने असा भरला होता की स्प्रिंग पक्कडीनेही हलेना. तिघांपैकी एकही जागा नव्हता. जमीन, पाणी आणि क्षार यांवर सभासदांपुढे भाषणे करणाऱ्या माणसाच्या घरचा हा प्रकार, हे कबूल करताना आम्हांस संकोच वाटतो. पण सांगितलेले बरे.

आपल्या भागात ही क्षाराची बाब फार महत्त्वाची आहे. गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांवर दोन-तीन पिढ्या मोकाट पाणी देऊन आपण जमिनी चोपण-खारवट केल्या, हे दुःख नवे नाही. वस्त्यांवरचे बोअरचे पाणी तर चवीलाच कळते. जमीन बिघडविणारे क्षार आणि गिझरमध्ये बसणारे क्षार अगदी एकच नव्हेत. गिझरमध्ये बसतो तो मुख्यत्वे चुन्याचा थर असतो. परंतु दोन्ही येतात पाण्यातूनच. ज्यांनी उसाला ठिबक केले आहे त्यांना ड्रिपर कसे बुजतात हे सांगावयास नको. ड्रिपर बुजला तर उसाचे बेट सुकते आणि आपल्या नजरेस येते. व्हॉल्व्ह बुजला तर काहीच दिसत नाही, उलट फरशी कोरडी राहते म्हणून घरमालक खुशीत असतो. (ठिबकला सोडतो तसे ॲसिड गिझरमध्ये सोडून पाहावे असे कोणाच्या मनात येईल. ते करू नये. भांडेच खाऊन जाईल.)

एवढ्याशा भांड्याने काय मोठेसे होणार, असे वाटणे साहजिक आहे. होते ते असे. उघड्या भांड्यात पाणी 100 अंशांना उकळते आणि तेथेच थांबते. कोंडलेल्या भांड्यात दाब सहा किलोंपर्यंत चढला तर पाणी 165 अंशांपर्यंत तापूनही पाणीच राहते. त्या क्षणी भांडे कोठे तरी उकलले की दाब एकदम नाहीसा होतो आणि त्या पाण्याचा साधारण आठवा हिस्सा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वाफ होतो. एक लिटर पाण्याची वाफ उघड्या हवेत सुमारे 1,700 लिटर जागा मागते. 25 लिटरच्या गिझरमधून अशी तीन लिटर पाण्याची वाफ झाली तर किती जागा मागेल, हा हिशेब शाळेत जाणाऱ्या पोराकडून करून घ्यावा, आणि मग आपले न्हाणीघर किती बाय किती आहे तेही मोजावे.

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात स्पेन्सर म्हणून गाव आहे. तेथील स्टार प्राथमिक शाळेत 19 जानेवारी 1982 रोजी दुपारच्या जेवणाच्या वेळी स्वयंपाकघरातील पाणी तापविण्याची टाकी फुटली. उष्णता रोखणारी यंत्रणा चालली नाही आणि दाब सोडणारीही चालली नाही. भिंत जेवणाऱ्या मुलांवर गेली. सात जीव गेले, त्यांत बहुतेक लहान मुले होती. अमेरिकेत अशा टाकीला दाब आणि उष्णता या दोहोंवर उघडणारा व्हॉल्व्ह लावतात. दाब सुमारे साडेदहा किलो झाला किंवा पाणी 99 अंशांवर गेले, यांतले जे आधी घडेल त्याला तो उघडतो. विलायतेत सबंध घरच गरम पाण्याच्या नळ्या फिरवून ऊबदार करतात. त्या बंद नळ्यांच्या घरगुती बॉयलरला 3 बारला उघडणारा व्हॉल्व्ह असतो आणि त्याची नळी भिंतीबाहेर काढलेली असते. इतकेच काय, इंग्लंडात 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत घरात गरम पाण्याची साठवण टाकी तोंड बांधून ठेवण्यास परवानगीच नव्हती. माळ्यावर उघडी टाकी आणि उघडी हवानळी पाहिजेच, असा दंडक होता. आपल्या आज्यांचा बंब या कसोटीला उतरला असता.

सेफ्टी व्हॉल्व्हची कल्पना मुळात स्वयंपाकघरातूनच आलेली आहे, ही गंमत पुष्कळांना ठाऊक नसेल. डेनिस पापिन नावाच्या फ्रेंच माणसाने 1679 साली हाडे शिजविण्यासाठी झाकणबंद भांडे केले. ते फुटू नये म्हणून त्याने वजन ठेवलेला व्हॉल्व्ह योजला. कारखान्याच्या बॉयलरवरचा व्हॉल्व्ह हा त्या भांड्याचा वारस आहे आणि आपला प्रेशर कुकरही. आमचा अनुभव असा की सेफ्टी व्हॉल्व्हची गोष्ट पुरुषमंडळींपेक्षा बायकांना चटकन समजते. कुकरची शिट्टी फार वाजते म्हणून तिच्यावर वरवंटा ठेवणारी बाई आम्ही अजून पाहिली नाही. शिट्टीत डाळ अडकली तर झाकणातला दुसरा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून वाट देतो, हेही तिला माहीत असते. आणि गिझरला डमी मारण्याचा हुकूम बहुतेक घरांत पुरुषानेच दिलेला असतो.

शेतात मात्र हेच पुरुष चोख असतात. नदीवरून लिफ्टची पाइपलाइन आणलेल्या सभासदांना विचारा. भर उन्हाळ्यात चालू मोटारीची वीज जाते, चढावरचे पाणी उलटे फिरते, एनआरव्हीचा क्लॅप आपटतो आणि खाली कोठे तरी पाइप फुटतो. एकदा फुटला म्हणजे दुसऱ्या वर्षी एअर वॉल आणि दाबाचा वॉल बसविल्याशिवाय कोणी मोटार चालू करीत नाही. ठिबकच्या हेडवरही तो असतो. त्यातून पाणी उडाले तर आपण म्हणतो, बरे झाले, फिल्टर वाचला. तेच न्हाणीघरात घडले की प्लंबरला फोन करतो!

सोलरविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण वस्त्यांवर तोच वाढत आहे. शिर्डीला प्रसादालयाच्या गच्चीवर साईबाबा संस्थानने 2009 साली 73 मोठ्या तबकड्या बसविल्या, सूर्याच्या उष्णतेवर वाफ करून हजारो भक्तांचा स्वयंपाक करण्यासाठी. आपणांपैकी अनेकांनी त्या पाहिल्या असतील. उन्हाची ताकद किती, हे त्यावरून कळते. आपल्या माडीवरचा काचेच्या नळ्यांचा सोलर त्याच उन्हावर चालतो आणि त्याला बटण नाही. घरची मंडळी चार दिवस लग्नाला गेली तरी तो तापतच राहतो. म्हणून साध्या सोलरच्या टाकीला वर उघडी हवानळी दिलेली असते. ही नळी म्हणजेच त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह.

आता पाहा काय होते ते. सोलर बसविला तेव्हा गार पाण्याची टाकी बेताच्या उंचीवर असते आणि हवानळी तिच्याहून उंच असते. पुढे पाण्याला जोर नाही म्हणून टाकी दोन विटांचे थर चढवून उंच करतात. टाकीतल्या पाण्याची पातळी हवानळीच्या तोंडापेक्षा वर गेली की नळीतून धो-धो पाणी वाहू लागते. खरा उपाय नळी उंच करण्याचा आहे. त्याला हातभर पाइप आणि अर्धा तास लागतो. पण केले जाते काय, तर नळीच्या तोंडात मक्याचे बुरकुंड किंवा प्लॅस्टिकचे बूच ठोकले जाते. आम्ही दोन्ही पाहिली आहेत. काही ठिकाणी त्याच साध्या सोलरवर प्रेशर पंपही जोडलेला असतो. असा सोलर दाब सोसण्यासाठी बनविलेलाच नसतो. पंप लावावयाचा तर दाबाचा सोलर वेगळा मिळतो, त्याला स्वतःचा व्हॉल्व्ह असतो, तो घ्यावा.

बंब अजून ज्यांच्याकडे आहे आणि ज्यांनी त्याला नळजोड करून वरचे तोंड बंद केले आहे, त्यांनी ते आजच उघडावे. लाकडाच्या जाळाला थर्मोस्टॅट नसतो. गॅस गिझरचा धोका निराळा आहे. तो दाबापेक्षा कोंडलेल्या विषारी वायूचा आहे. न्हाणीघराला मोकळी खिडकी नसेल तर तो आत बसवूच नये. त्यावर पुन्हा केव्हा तरी लिहू.

शिर्डीत ज्या सभासदांनी किंवा त्यांच्या मुलांनी लॉज काढले आहेत त्यांना आमची वेगळी विनंती आहे. उसाच्या उत्पन्नाला जोड म्हणून हा धंदा आला, त्यात वावगे काही नाही. पण घरी एक गिझर असतो, लॉजवर वीस-तीस असतात. घरचा माणूस आवाज वेगळा आला तर ओळखतो. परगावचा भक्त पहाटे काकडआरतीसाठी उठतो, बटण दाबतो आणि दर्शनाच्या रांगेत निघून जातो. बटण चालूच राहते. खोली साफ करणाऱ्या पोराला व्हॉल्व्ह म्हणजे काय हे कोणी सांगितलेले नसते. पाहुणा आपल्या छपराखाली निजतो, त्याची जबाबदारी आपली.

कायदा काय म्हणतो, हेही पाहिले. बॉयलरचा कायदा आपल्याकडे 1923 साली झाला आणि 2025 साली त्याच्या जागी नवा कायदा आला. त्याप्रमाणे कारखान्याच्या बॉयलरला नोंदणी, निरीक्षण आणि दाखला या सर्वांतून जावे लागते. परंतु 25 लिटरपेक्षा लहान, एक किलोपेक्षा कमी दाबाचे, किंवा 100 अंशांच्या आत पाणी तापविणारे भांडे या कायद्यात येत नाही. घरचा गिझर अशा रीतीने सुटला. कागदावर हे बरोबरही आहे, घरोघरी निरीक्षक पाठविणे सरकारला शक्य नाही. मात्र थर्मोस्टॅट चिकटला म्हणजे तोच गिझर 100 अंशांच्या आत राहत नाही, आणि त्या वेळी तेथे ना निरीक्षक असतो ना अटेंडंट. असतो तो एक पितळी व्हॉल्व्ह, तोही आपण शिल्लक ठेवला असेल तर.

म्हणून आमचे मत असे आहे की हे काम कारखान्याने अंगावर घ्यावे. गटवार दिवस ठरवावा. बॉयलर विभागातील एक जाणता फिटर आणि दोन आयटीआयचे शिकाऊ उमेदवार द्यावेत. त्यांनी गावात येऊन ज्या सभासदाची इच्छा असेल त्याच्या घरचा गिझर, सोलर पाहावा, डमी असेल तर काढावा, बुजलेला व्हॉल्व्ह बदलावा. चांगल्या प्रतीचे व्हॉल्व्ह एकगठ्ठा खरेदी करून ग्राहक भांडारातून रास्त भावात द्यावेत.

यावर दोन आक्षेप आमच्या कानी आलेच आहेत. पहिला असा की कारखान्याचे काम ऊस गाळण्याचे, न्हाणीघरे दुरुस्त करण्याचे नव्हे. आम्हांस हे पटत नाही. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून या जिल्ह्यातील कारखान्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, उपसा योजनांना हात दिला. ते सर्व ऊस गाळण्याच्या कामात बसत होते काय? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ओव्हरहॉलिंगच्या दिवसांत फिटर मोकळे नसतात आणि हंगामात तर नसतातच. हे खरे आहे. तरी पावसाळ्यात महिनाभर एका फिटरची सोय लावणे अशक्य आहे असे वाटत नाही. कार्यस्थळावरच्या मंडळींनी यावर सांगावे.

पैशांचे म्हणाल तर व्हॉल्व्ह काही शे रुपयांत येतो. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये एफआरपी ठरविली. तोडणी-वाहतूक वजा जाता जे हाती पडेल तेही धरले तरी एका टनात व्हॉल्व्ह येऊन पैसे उरतात. फुकट मात्र वाटू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. फुकट मिळालेला व्हॉल्व्ह माळ्यावर पडून राहतो, हे आम्ही बेणेप्रक्रियेच्या औषधांच्या पुड्यांवरून शिकलो आहोत. बिलातून कपात म्हटली की सभासदांच्या कपाळाला आठी पडते, तीही आम्ही पाहिली आहे. तेव्हा ज्याची लेखी संमती असेल त्याच्याच बिलातून घ्यावे, बाकीच्यांनी रोखीने.

योजना होईल तेव्हा होईल. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला पुष्कळ घरांत गिझर उन्हाळ्यानंतर प्रथमच चालू होईल. त्याआधी घरच्या घरी करण्यासारखे एवढे आहे. गार पाण्याच्या नळीवर, गिझरच्या तळाशी पितळी व्हॉल्व्ह आहे की नाही ते पाहा. त्याला लहान कडी असते. गिझर गार असताना ती उचला, पाणी आले पाहिजे आणि कडी सोडल्यावर थांबले पाहिजे. आले नाही किंवा थांबले नाही तर व्हॉल्व्ह बदला, घासूनपुसून पुन्हा लावू नका. चांगला असेल तरी महिन्यातून एकदा कडी हलवीत जा, म्हणजे क्षार बसत नाही. गळते पाणी फरशीवर नको असेल तर त्या तोंडाला लहान नळी जोडून उताराने मोरीपर्यंत न्या. नळीचे टोक उघडे आणि डोळ्यांना दिसेल असे ठेवा, त्यावर कॉक बसवू नका, आणि पोरे आंघोळीला बसतात त्या पाटावर ते येऊ देऊ नका. व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्यामध्येही कॉक असता कामा नये. सतत धार लागली असेल, केवळ तापताना थेंब येत नसतील, तर दाब मुळातच जास्त आहे किंवा थर्मोस्टॅट बिघडला आहे. ते काम जाणत्या माणसाचे. आणि नळातून वाफ आली तर मुख्य पाटीवरून वीज बंद करा, माणसे बाहेर काढा, गिझरवर गार पाणी ओतू नका, नळांशी खेळू नका, पूर्ण गार होऊ द्या.

आमच्या घरचा तो क्षाराने भरलेला व्हॉल्व्ह वर्कशॉपमधून उभा कापून आणला आहे. शेतकी कार्यालयात नोंदीच्या टेबलावर ठेवला आहे. ऊसनोंदीसाठी किंवा बिलाच्या चौकशीसाठी येणाऱ्या सभासदांनी तो हातात घेऊन पाहावा, आणि येताना आपल्या घरच्या व्हॉल्व्हची कडी हलते की नाही ते पाहून यावे. आम्ही नोंदवहीत गावाच्या नावापुढे तेवढे टिपून घेत आहोत.